पश्चिमेला गेलेला कॅचर

ओहायोतल्या त्या गावात आम्ही तीन वर्षं राहिलो. नवरा तिथल्या युनिव्हर्सिटीत सिरॅमिक्समध्ये पीएच.डी. करत होता आणि मी त्याच्या व्हिसाला टाचलेली होते. नोकरीची परवानगी नव्हती. नागपूरला दोन वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली मी, इथे दुपारभर खिडकीतून नदीकडे बघत बसायची. फोन नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, गाडीही त्याच्याच. एकदा टेलिफोन डिरेक्टरी चाळताना लक्षात आलं, की मी या गावात राहते याचा कागदावर कुठेही पुरावा नाही. तेव्हा हसू आलं होतं. नंतर नंतर येईनासं झालं.

मग मी लायब्ररीत जायला लागले. बिनपगारी काम करायला व्हिसा लागत नव्हता.

लायब्ररीच्या मागच्या खोलीत गावाचा इतिहास ठेवलेला होता, आणि तो सांभाळायला एक निवृत्त पोस्टमन होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, थोडे वाकलेले. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी या गावात टपाल वाटलं होतं. कोणत्या घराची पायरी मोडकी, कोणाच्या दारावरची फट अरुंद, सगळं त्यांना पाठ. पण आता त्यांची नजर गेल्यात जमा होती. डोळ्यांच्या कडेने दिसायचं, मधलं काही दिसायचं नाही. त्यामुळे ते बोलताना माझ्या कानाकडे बघतात असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक फोटो ठेवला.

"शंभर वर्षांपूर्वी या गावाचा स्वतःचा बेसबॉलचा संघ होता," ते म्हणाले. "हौशी पोरांचा नव्हे हं. पगारी खेळाडू. मोठ्या शहरांच्या संघांशी खेळायचे."

"किती वर्षं टिकला?"

"एक उन्हाळा. तोही पुरा नाही." ते हसले. "मला या लोकांवर एक पुस्तिका काढायची आहे. खेळ कसा झाला ते पेपरात आहेच. मला हवंय ते पुढचं. संघ मोडल्यावर यांचं काय झालं? हे सगळे कुठे गेले? माझे डोळे चालत नाहीत. तुझे चालतात."

फोटोत अकरा माणसं होती. दोरीने बांधलेले गळे असलेले लोकरी सदरे, भरघोस मिशा. बहुतेकांचं वय माझ्याएवढं, पंचवीसच्या आतबाहेर. दहा जणांचे हात दिसत होते, कोणाचे गुडघ्यावर, कोणाचे बॅटवर. मागच्या रांगेत टोकाला उभ्या असलेल्या अकराव्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

"हा कॅचर," पोस्टमन म्हणाले. फोटो त्यांना दिसत नव्हता, पण टोकाच्या माणसावर बोट बरोबर पडलं.

जुने पेपर मायक्रोफिल्मवर होते आणि त्या फिल्मा उलट्या रंगाच्या होत्या. काळं पान, पांढरी अक्षरं. कोपऱ्यातल्या त्या मशीनच्या हुडमध्ये डोकं घालून हँडल फिरवत बसलं की शंभर वर्षांपूर्वीचा एक एक दिवस काळोखातून सरकत यायचा. मे, जून, जुलै. रोज संघाची बातमी. कोणी किती धावा काढल्या, कोणाचा घोटा मुरगळला, कोण सलूनमध्ये भांडला. मग ऑगस्टमधल्या एका दिवशी चार ओळी: संघ विसर्जित झाला आहे, मुलं आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशीपासून एक अक्षर नाही. ज्यांच्या गुडघेदुखीची बातमी व्हायची ती माणसं एका रात्रीत पेपरातून पुसली गेली.

मी त्यांना एकेक करून शोधून काढलं. मृत्यूच्या नोंदी, जनगणनेचे तक्ते, शेजारच्या गावांचे पेपर. चेंडू टाकणारा पिचर दोन हिवाळ्यांनंतर क्षयाने गेला. एकजण रेल्वेत ब्रेक सांभाळायचा, दोन डब्यांच्या मध्ये चिरडला. एकजण नदीवर बर्फ कापताना बर्फ फुटून आत गेला; मार्चमध्ये वीस मैल खाली सापडला. एकजण पोलीस झाला आणि चांगला म्हातारा होऊन मेला. तो सापडला तेव्हा मी मशीनसमोर एकटीच मोठ्याने "वा!" म्हणाले.

त्या महिन्यांत ही माणसं माझ्यामागे लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांचं मैदान कुठे होतं असं मी विचारलं, तेव्हा पोस्टमन म्हणाले, "तू किराणा कुठे घेतेस?" मी सांगितलं. "मग तू दर शनिवारी मैदानातच उभी असतेस. पार्किंग आहे ना, तेच." पुढच्या शनिवारी नवरा डिकीत दुधाचे कॅन ठेवत होता आणि मी हातात कांद्यांची पिशवी घेऊन तशीच उभी. भर दुपार, गाड्यांची ये-जा, आणि मला पक्कं वाटत होतं की माझ्या पाठीमागे कोणीतरी गुडघ्यात वाकून बसलं आहे, मी बाजूला व्हायची वाट बघत.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. चल."

ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावी आमच्या ओळखीचं एक पुण्याचं कुटुंब होतं. महिन्या-दोन महिन्यांतून तिथे जेवायला बोलावणं यायचं. तिथल्या काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मेलेल्या माणसांच्या कसली मागे लागलीस? ड्रायव्हिंग शीक आधी." पण त्यांची अकरा वर्षांची मुलगी शाळेत सॉफ्टबॉल खेळायची. जेवण झाल्यावर तिने मला अंगणात नेऊन कॅचर कसा बसतो ते दाखवलं.

"म्हणजे विकेटकीपर," मी म्हणाले.

"आय डोंट नो व्हॉट दॅट इज," ती म्हणाली. "बट एव्हरी सिंगल बॉल कम्स टू यू. यू कान्ट लुक अवे."

तिच्या हातात गादीसारखा जाड ग्लोव्ह होता. तेव्हाच्या लोकांकडे काय असायचं, ते मी तिला सांगितलं: बोटं कापलेला एक पातळ चामड्याचा मोजा. ती बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

उन्हाळ्याच्या शेवटी दहा माणसं सापडली होती. अकरावा सापडत नव्हता. कॅचर. संघ मोडल्यावर तो या गावातच राहिला, विटांच्या भट्टीवर कामाला लागला, उशिराने लग्न केलं, एक मुलगी झाली. मग काही नाही. मरण्याची नोंद नाही, थडगं नाही. पुढच्या जनगणनेत त्याची बायको 'घरप्रमुख' आणि मुलगी, एवढंच.

"मुलगी आहे की," पोस्टमन सहज म्हणाले. "टेकडीवरच्या नर्सिंग होममध्ये. सत्त्याऐंशी वर्षांची असेल. शाळेत शिकवायची. तिचं टपाल मी वर्षानुवर्षं टाकलंय."

फोटोतल्या माणसाची मुलगी जिवंत आहे, दीड मैलावर आहे, हे ऐकून मी लगेच पत्ता लिहून घेतला.

मी भेटायला गेले. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. बारीक चणीच्या, व्हीलचेअरवर अगदी ताठ बसलेल्या. मी साडीबद्दल, भारताबद्दल बोलायला लागणार असं त्यांना वाटलं असावं. मी फोटो पुढे केला.

त्यांनी तो मांडीवर ठेवून घेतला. "हात लपवलेत," त्या म्हणाल्या. "लाज वाटायची त्याला. एकही बोट सरळ नव्हतं." मग त्यांनी आपला डावा हात वर केला. करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळली होती, वाकड्या फांदीसारखी. "ही बघ. जन्मापासून अशी आहे. आई म्हणायची, बापाचं बोट घेऊन आलीस."

त्या बोटाचा त्यांना अभिमान होता. सांगताना त्यांनी दुसऱ्या हाताने ते किंचित कुरवाळलं.

"तुम्हाला ते आठवतात?"

"हात आठवतात. तंबाखूचा वास आठवतो. मी चार वर्षांची होते तेव्हा तो पश्चिमेला गेला. कॅलिफोर्नियात. तिथल्या संघाने बोलावलं, आई सांगायची. पैसे जमले की आपल्याला नेणार. मी शाळेत सगळ्यांना सांगायची. मग एकदा, वीसेक वर्षांची असताना, हिशोब केला. तो गेला तेव्हा चाळीशीला आला होता. चाळीस वर्षांच्या कॅचरला कोण बोलावतं?"

"आईंना विचारलंत?"

"नाही. ती इतकं छान सांगायची."

जाताना त्यांनी माझं मनगट धरलं. "सापडला तर मला सांग. आधी मला, मग त्या पोस्टमनला."

मी हो म्हणाले. असं वचन देताना माणूस पुढचा विचार करत नाही.

त्यानंतर पोस्टमननी मला काउंटीच्या कोर्टात पाठवलं, दुसऱ्याच एका खेळाडूचा लग्नाचा दाखला बघायला. जुने कागद तळघरात होते. पाईप गळायचे म्हणून वरच्या फळीवर मेणकापड टाकलेलं. लग्नाच्या नोंदींचं पुस्तक काढताना शेजारचं खाली पडलं. त्याच्या पाठीवर छापलं होतं: वेडसरपणाची प्रकरणं. मी ते उचलून ठेवणारच होते. का कोण जाणे, सूची उघडली. कॅचरचं आडनाव होतं, एक अक्षर चुकलेलं. पुढच्या नोंदीही त्याच चुकीने झाल्या असणार, म्हणून इतके दिवस तो हाती लागला नव्हता.

अर्ज एका पानाचा होता, त्याला दवाखान्यात ठेवावं म्हणून. मजकूर कारकुनाच्या अक्षरात आणि खाली सही. जेवढं आठवतं तेवढं सांगते, आणि ते मला बहुतेक सगळं आठवतं. नवऱ्याला खेळत असताना डोक्याला पुष्कळदा चेंडू लागला आहे. डोक्यात घंटा वाजते असं तो म्हणतो. दोन वर्षांपासून तो काम सोडून अंगणात उकिडवा बसतो आणि नसलेले चेंडू झेलतो. हाक मारली तर ओळख देत नाही. या महिन्यात त्याने चार वर्षांच्या मुलीला समोर उभं केलं आणि तिच्याकडे सगळ्या ताकदीने चेंडू फेकला. तिच्या डाव्या हाताची करंगळी मोडली. नंतर तो फार रडला. मला त्याची भीती वाटत नाही. मुलीसाठी विनंती करते आहे.

खाली सही होती. बायकोची. प्रत्येक अक्षर सुटं सुटं, जपून काढलेलं.

मी तळघरात किती वेळ बसले माहीत नाही. वर आले तेव्हा कोर्टासमोरच्या हिरवळीवर लोक सँडविचेस खात होते आणि मला ते फार लांबचे वाटले.

ज्या दवाखान्यात त्याला नेलं होतं, तिथे मी पत्र टाकलं. शेजारच्याच काउंटीतलं सरकारी मनोरुग्णालय, चाळीस मैलांवर. दोन आठवड्यांनी टाईप केलेल्या तीन ओळी आल्या: दाखल झाल्यावर दहा वर्षांनी न्यूमोनियाने मृत्यू, नातेवाइकांनी देह नेला नाही, आवारातल्या दफनभूमीत अमुक नंबर.

पोस्टमनना मी काहीच सांगितलं नाही. चार दिवस लायब्ररीतच गेले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना सांगू नकोस यार. सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या. काय मिळणार आहे?" मी म्हणाले, वचन दिलंय. तो म्हणाला, मग बोटाचं तरी सांगू नकोस. आम्ही त्यावरून भांडलो आणि शेवटी मी त्याचंच ऐकलं.

आजी खिडकीपाशी होत्या. मी शेजारी खुर्ची ओढली आणि जेवढं ठरवलं होतं तेवढंच बोलले. पश्चिमेला गेले नव्हते. डोक्याला मार लागून आजारी पडले. दवाखान्यात होते. तिथेच दहा वर्षांनी गेले.

"कुठल्या दवाखान्यात?"

मी सांगितलं.

"चाळीस मैल," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "चाळीस मैल."

मग त्यांनी विचारलं, "तिथे कोणी नेलं त्याला?"

"कोर्टाचा कागद आहे. खालची सही मला वाचता आली नाही." मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन, पण इतकं ठरवून नाही.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत पोरांच्या सबबी ऐकलेली बाई ती. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी," त्या हळूहळू म्हणाल्या, "आई आगगाडीने जायची. टोपली घेऊन. टोपलीत घरी भाजलेला ॲपल-पाय असायचा आणि धुतलेले सदरे. बहिणीकडे जाते, म्हणायची. मला शेजारी ठेवायची. संध्याकाळी टोपली रिकामी घेऊन यायची आणि कोणाशी बोलायची नाही. मी चौदा वर्षांची होईपर्यंत चाललं हे. मग एकाएकी बंद झालं."

मी मनात बेरीज केली. चार आणि दहा, चौदा.

"आईला बहीण नव्हती," आजी म्हणाल्या. "मला हे ठाऊक होतं. सगळं आयुष्य ठाऊक होतं, आणि मी कधी विचारच केला नाही की मग ते सदरे कोणाचे."

त्या रडल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चल."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी नवऱ्याने गाडी काढली. नर्सिंग होमच्या बाईंनी व्हीलचेअर कशी घडी करायची ते त्याला दोनदा दाखवलं. वाटेत मक्याची कापलेली शेतं, पिवळी झाडं. आजी पुढच्या सीटवर बसून मैलांचे दगड बघत होत्या. दफनभूमी म्हणजे एक उतारावरचं गवत होतं, बस्स. दगड जमिनीसपाट, वहीएवढे, आणि त्यांच्यावर नावं नाहीत, फक्त आकडे. शेकडो आकडे. एके ठिकाणी रांगा झाडांत शिरून दिसेनाशा झाल्या होत्या. आम्ही खुर्ची ढकलत वरून खाली आलो. चाकं आकड्यांवरून जायची तेव्हा नवरा दर वेळी थबकायचा.

नंबर सापडला. मी वाळलेली पानं बाजूला केली.

आजींना खाली वाकता येत नव्हतं. "तू हात ठेव त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

मी गुडघ्यांवर बसले आणि तळहात टेकवला.

"गार आहे?"

"हो. गार आहे."

"राहू दे अजून थोडा वेळ."

माझ्या हाताखाली तो होता, किंवा त्याचं जे काही उरलं होतं ते. ती सगळी मोडकी बोटं. मला वाटत होतं की मी हात उचलला की काहीतरी सुटेल. वारा नव्हता. झाडांपलीकडच्या त्या जुन्या लाल इमारतींच्या खिडक्या ओळीने आमच्याकडे बघत होत्या. किती मिनिटं गेली सांगता येत नाही. शेवटी नवऱ्यानेच माझ्या खांद्याला हात लावला.

परत येताना आजींनी उजव्या हाताने डावी करंगळी मुठीत घट्ट धरून ठेवली होती. त्यांना काही आठवलं होतं का? चार वर्षांच्या मुलाला काय आठवतं आणि काय नाही, हे मी त्यानंतर पुष्कळांना विचारलंय. कोणी खात्रीने सांगत नाही. त्या दिवशी आजींना मात्र मी विचारलं नाही.

गावाच्या वेशीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "पुस्तिकेत त्याला पश्चिमेलाच राहू दे."

"पण पोस्टमन—"

"आईने त्या गोष्टीसाठी फार कष्ट घेतलेत. दहा वर्षं आगगाडी, आणि नंतर चाळीस वर्षं ती गोष्ट. ती मी मोडणार नाही. तूही मोडू नकोस."

पुस्तिकेचा मजकूर मीच टाईप करत होते. दहा माणसांच्या नावांपुढे मी खरं ते लिहिलं: क्षय, रेल्वे, नदी, पोलीस खातं. अकराव्यापुढे लिहिलं: 'काही वर्षं गावात वास्तव्य. नंतर पश्चिमेला गेला. पुढील माहिती उपलब्ध नाही.' पोस्टमननी मला सगळं मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. त्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

"तू सगळीकडे शोधलंस ना?"

"हो."

"मग ठीक." आणि ते माझ्या कानाकडे बघून प्रसन्न हसले. त्यांनी मला एवढं शिकवलं होतं, एकेका तारखेसाठी दोन दोन पुरावे मागायचे. त्या हसण्याने मला जितकं टोचलं तितकं कोणी रागावूनही टोचलं नसतं. त्या दिवसापासून मशीनच्या काळ्या पानांकडे बघताना मला वाटायचं की पलीकडून कोणीतरी वाचतंय, आणि त्याला माझा हा गुन्हा माहीत आहे.

ख्रिसमसच्या आधी लायब्ररीत छोटासा समारंभ झाला. तीस-चाळीस माणसं, कॉफी, कुकीज. आजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पोस्टमननी नावं पाठ केली होती. त्यांनी एकेक खेळाडू सांगितला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅचरचं नाव आलं तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले.

"मी सांगतो पुढचं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी पाहिलं होतं त्याला. सॅन फ्रान्सिस्कोत. ते नोकरीसाठी गेले होते तिकडे. मैदानावर जाऊन भेटलेसुद्धा. केस पांढरे झालेले, पण अजून खेळत होता. गावाची चौकशी केली त्याने. घरची पण केली."

खोलीत एकदम गलबला झाला. गृहस्थ खोटं बोलत नव्हते. ते ज्या तऱ्हेने सांगत होते त्यावरून कळत होतं की त्यांनी हे लहानपणी ऐकलंय, अनेकदा ऐकलंय. त्यांच्या वडिलांनी कोणाला पाहिलं होतं, देव जाणे. पोस्टमन तर आनंदाने उभेच राहिले. "लिहून घे!" ते मला म्हणाले. "यंग लेडी, लिहून घे, नाव, गाव, सगळं!"

दोन महिन्यांपूर्वी मी या तळहाताने त्याचा दगड दाबून धरला होता. मी आजींकडे पाहिलं. त्या मागे वळून त्या गृहस्थांकडे बघत होत्या, मान थोडी कलती करून, एखादं पोर बरोबर उत्तर देतंय की काय असं ऐकतात तशी.

मी वही उघडली आणि लिहून घेतलं.

नंतर आजींना नर्सिंग होमच्या गाडीपर्यंत सोडायला गेले. बर्फ भुरभुरायला लागलं होतं. मी त्यांच्या गुडघ्यांवर शाल नीट केली.

"कुठलं शहर म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"सॅन फ्रान्सिस्को."

"तू गेलीयेस तिथे?"

"नाही."

"तिथे समुद्र आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. ड्रायव्हरने दार लावलं आणि गाडी टेकडीकडे वळली.